काच शाबूत आहे का?

टीव्ही बंद पडला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आठ वर्षं झाली, आता काढून टाका. दुसरा म्हणतो, अडतीस हजार मोजलेत त्याला, असा कसा टाकायचा? पहिल्याचा भर वयावर, दुसऱ्याचा खर्च झालेल्या पैशांवर. दोघंही पोटतिडकीने बोलतात, पण निर्णयाला दोन्ही मुद्द्यांचा फारसा उपयोग नाही. मोजलेले अडतीस हजार टीव्ही टाकला तरी परत येत नाहीत आणि ठेवला तरी येत नाहीत. वयाचं म्हणाल तर ते अख्ख्या टीव्हीचं मोजलं जातं, बिघाड मात्र त्यातल्या एखाद्याच भागात होतो. टीव्ही म्हणजे एका खोक्यात बसवलेली चार-पाच वेगवेगळी यंत्रं. प्रत्येकाची किंमत निराळी, झिजण्याची रीतही निराळी. त्यामुळे विचारायचे प्रश्न दोनच. नेमकं काय गेलं आहे? आणि ही दुरुस्ती किती महिने टिकली म्हणजे तिचे पैसे फिटले? या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याच्याकडे आहेत, त्याला घरातला वाद मिटवायला पाच मिनिटं पुरतात.

एलईडी टीव्हीचं मागचं झाकण काढलं तर आत बराचसा पत्राच दिसतो. त्या पत्र्यावर एका बाजूला पॉवर सप्लायचा बोर्ड असतो. भिंतीतल्या सॉकेटमधली 230 व्होल्टची वीज घेऊन बाकीच्या भागांना हव्या त्या व्होल्टेजला ती पुरवणं हे त्याचं काम. दुसऱ्या बाजूला मेन बोर्ड. एचडीएमआय आणि यूएसबीची भोकं, वाय-फाय, ॲप, आवाज हे सगळं त्याच्याकडे. तिथून एक चपटी पट्टीसारखी वायर टी-कॉन नावाच्या लहान बोर्डाकडे जाते. चित्रातला कुठला ठिपका कधी कसा दिसावा याचा हिशोब हा बोर्ड ठेवतो, काही टीव्हींत तो मेन बोर्डातच सामावलेला असतो. पत्र्याच्या पलीकडे एलईडीच्या पट्ट्या, त्यांचा उजेड सारखा पसरवणारे पांढरे पडदे आणि सगळ्यात पुढे पॅनेल, म्हणजे आपण जिच्याकडे बघतो ती काच. कारखान्यात टीव्ही बनवायला जो खर्च येतो, त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या पॅनेलचा असतो. जुन्या डब्यासारख्या टीव्हीत हाच मान पिक्चर ट्यूबचा होता. रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, अगदी फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरसुद्धा बदलून टीव्ही वर्षानुवर्षं चालायचा, पण ‘ट्यूब गेली’ म्हटलं की घरातली माणसं पुढचं बोलणं थांबवायची. आज ट्यूबच्या जागी पॅनेल आलं आहे. दुरुस्तीच्या हिशोबातली सीमारेषा तीच राहिली: काच एका बाजूला, काचेमागचं सगळं दुसऱ्या बाजूला.

आधी काचेमागचं पाहू. टीव्ही पूर्ण मेला, खालचा लाल दिवाही लागत नाही, हा दिसायला सगळ्यात भयंकर आणि बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त बिघाड. संशयित असतो पॉवर सप्लाय. आपल्याकडे त्याचं एक ठरलेलं कारण आहे. तीन फेजच्या लाईनवरची न्यूट्रल तार तुटली की एका फेजवरच्या घरांत 230 च्या जागी 300 किंवा 350 व्होल्टसुद्धा येऊ शकतात, आणि एकाच संध्याकाळी वाडीतल्या चार घरांचे टीव्ही, फ्रिज, चार्जर गप्प होतात. पॉवर सप्लायच्या तोंडाशी एक चपटी चकती बसवलेली असते, तिला एमओव्ही म्हणतात. व्होल्टेज बेसुमार वाढलं की ही चकती स्वतः शॉर्ट होते, त्यासरशी फ्यूज उडतो आणि पुढचा बोर्ड बऱ्याचदा वाचतो. चकती आणि फ्यूज मिळून चहा-भज्यांच्या किमतीत येतात. दुसरं कारण सावकाश येणारं. बोर्डावरच्या नळकांड्यासारख्या कपॅसिटरमधलं रसायन उष्णतेने सुकत जातं. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. डोकं फुगलेला कपॅसिटर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. मात्र तो ओळखायला झाकण घरी उघडू नये, कारण वायर काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा साठा काही काळ राहू शकतो.

दुसरा नेहमीचा बिघाड: आवाज येतो, चॅनेल बदलतात, पण पडदा काळाकुट्ट. बघणाऱ्याला वाटतं, पॅनेल गेलं. अशा वेळी खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी पडद्याजवळ तिरकी धरावी आणि निरखून पाहावं. उजेडाच्या त्या वर्तुळात बातम्या देणारीचा चेहरा पुसट, सावलीसारखा हलताना दिसला, तर काच ठणठणीत आहे आणि गेला आहे तो तिच्यामागचा उजेड. चित्र उमटतंय, फक्त ते उजळायला दिवा नाही. कारण साधं आहे. पट्ट्यांवरचे एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की अख्खी माळ विझायची, तसंच इथे होतं. एक एलईडी जळून जोडणी तुटली की त्याची ओळ विझते, आणि पुष्कळ टीव्हींत संरक्षण म्हणून सगळा उजेडच तोडला जातो. इलाज म्हणजे पट्ट्या बदलणं, आणि बदलायच्या तर सगळ्या बदलाव्यात, कारण उरलेले एलईडीही तेवढेच तापलेले असतात. हे काम अवघड आहे ते पट्ट्यांमुळे नव्हे. पट्ट्यांपर्यंत पोचायला पुठ्ठ्यासारखी पातळ काच सबंध उचलून बाजूला ठेवावी लागते, आणि तिच्या कडेला चिकटलेल्या नाजूक फिती ओढल्या गेल्या की पट्टीची दुरुस्ती पॅनेलवर शेकते. म्हणून अशा कामाआधी एकच प्रश्न विचारावा: काच उचलताना फुटली तर जबाबदारी कोणाची? हे काम रोज करणारा मेकॅनिक या प्रश्नाने दुखावला जात नाही.

आता काचेकडे. पडद्याला कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा, त्यातून पसरलेली काळी शाई, पोराच्या चेंडूचा किंवा भिंतीवरून उतरवताना बसलेल्या धक्क्याचा डाग, यांवर दुरुस्ती नाही. पॅनेल बदलणं एवढाच मार्ग उरतो, आणि असं नुकसान वॉरंटीतही बसत नाही. उभ्या-आडव्या रेघांचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. आधी टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडून पाहावा. मेनूवर रेघा नसतील तर दोष सेट-टॉप बॉक्सचा किंवा केबलचा. मेनूवरही असतील तर टी-कॉन, त्याची वायर किंवा काचेच्या कडेच्या फिती, यांपैकी काहीतरी. टी-कॉन निघाला तर नशीब, तो बोर्ड बदलता येतो. फिती मात्र काचेला एका खास चिकट थराने, उष्णता आणि दाब देऊन जोडलेल्या असतात. प्रत्येक फितीवर एक चिप असते आणि तिचे शेकडो धागे काचेवरच्या तितक्याच धाग्यांना अचूक भिडावे लागतात. मोठ्या शहरांत हे ‘बाँडिंग’ करणारी यंत्रं काही दुकानांत आहेत, पण जमलेलं बाँडिंग किती टिकेल हे करणाऱ्यालाही छातीठोक सांगता येत नाही. ओएलईडी टीव्हीत तर मागे उजेडाच्या पट्ट्याच नसतात, काचेवरचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे तिथे उजेडाचं दुखणं म्हणजे काचेचंच दुखणं. काच आणि काचेमागचं यांतली सीमारेषा युरोपातल्या कायद्यातही उमटलेली दिसते. युरोपीय संघाने 1 मार्च 2021 पासून टीव्ही बनवणाऱ्यांवर बंधन घातलं की, मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यावर किमान 7 वर्षं ठराविक सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना मिळत राहिले पाहिजेत. त्या यादीत आतला पॉवर सप्लाय आहे, बाहेरची उपकरणं जोडायचे कनेक्टर आहेत, कपॅसिटरही आहेत. पॅनेल नाही.

आता पैशांचा हिशोब. दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवा घ्यावा, हा नियम सगळीकडे ऐकू येतो. लक्षात ठेवायला सोपा आहे, पण दुरुस्तीनंतर टीव्ही किती चालणार हे त्यात कुठेच येत नाही. त्यापेक्षा महिन्यांचा हिशोब बरा. समजा, आपल्याला पटेल असा 43 इंची टीव्ही आज 24,000 रुपयांना मिळतो आणि तो 8 वर्षं चालेल असं धरलं. 96 महिन्यांवर रक्कम पसरली की महिन्याला 250 रुपये पडतात. म्हणजे जुना टीव्ही जितके महिने पुढे ढकलला, तितक्या अडीचशेंची बचत झाली. पॉवर सप्लायच्या दुरुस्तीला 2,000 लागले तर ती 8 महिन्यांत फिटते. सगळ्या पट्ट्या बदलायला 3,500 लागले तर 14 महिन्यांत. पॅनेलला 15,000 लागले तर 60 महिने, म्हणजे 5 वर्षं. सात वर्षं चाललेल्या टीव्हीच्या बाकीच्या बोर्डांनी आणखी 5 वर्षं निमूट काढावीत अशी पैज लावायची असेल तरच पॅनेल बदलावं. निम्म्याचा नियम मात्र या टीव्हीवर 12,000 रुपयांपर्यंत खुशाल खर्च करा म्हणतो, आणि ते फिटायला 4 वर्षं लागतील हे सांगत नाही. या आकड्यांच्या जागी आपल्या गावातले भाव घालावेत, रीत तीच राहते.

या रीतीतून आणखी एक गोष्ट दिसते. टीव्ही लहान झाला तरी मजुरी त्या प्रमाणात लहान होत नाही. 10,000 रुपयांच्या 32 इंची टीव्हीचा महिना पडतो साधारण 104 रुपयांना, आणि त्याच्या पट्ट्या बदलायला 3,000 लागले तर ते फिटायला जवळजवळ 29 महिने जातात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण लहान टीव्हीला अगदी चपखल बसते. तुलना करायची ती आजच्या भावाशी, हेही इथेच सांगायला हवं. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. करासकट 25,600 रुपयांना पडणारा टीव्ही त्या एका बदलाने 23,600 ला आला, आणि त्याच्या जागी चाललेल्या दुरुस्तीला फिटायला थोडे अधिक दिवस लागू लागले. नव्याची किंमत उतरते तसा दुरुस्तीचा पाया आक्रसतो. तरीही आपल्याकडे तो युरोप-अमेरिकेपेक्षा बराच रुंद आहे. तिकडे माणसाचा तास महाग आणि वस्तू स्वस्त, म्हणून तिकडच्या पुस्तकांतला ‘नवाच घ्या’ हा सल्ला तिकडे खरा असतो. इकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार आहेत, आणि गल्लीतला मेकॅनिक अर्धा दिवस घालवून एक कपॅसिटर शोधून काढायला तयार असतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची पद्धत वेगळी: तिथे भाग दुरुस्त करण्यापेक्षा अख्खा बदलण्याकडे कल असतो. तेव्हा सर्व्हिस सेंटरने सांगितलेली रक्कम ही दुरुस्तीची एक किंमत झाली, एकमेव नव्हे. वॉरंटी चालू असेल तर मात्र बाहेरच्या कुणालाही झाकण उघडू देऊ नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: जुन्याला हात लावला की आज हे, उद्या ते. आक्षेपात तथ्य आहे. ज्या उष्णतेने एक भाग थकला, तिने शेजारचाही थकवलेला असतो. पण हा धोका मोजता येतो, आणि मोजला की तो वाटतो तेवढा उरत नाही. समजा, 2,000 रुपयांच्या चार दुरुस्त्यांपैकी एक लगेच वाया गेली आणि तीन टीव्ही दोन-दोन वर्षं चालले. खर्च 8,000 झाला, आणि 72 महिन्यांचे वाचले 18,000. शिवाय दुसऱ्यांदा येणारा बिघाड पुष्कळदा पहिल्याच कारणाने येतो, आणि ते कारण टीव्हीच्या बाहेर असतं. अर्थिंग नीट नसलेलं घर, वळवाच्या पावसात छतावरच्या डिशच्या छत्रीच्या वायरीतून आत शिरणारा विजेचा झटका, दुकानातल्या झगझगाटासाठी लावलेला आणि घरी तसाच राहिलेला भडक मोड. ढग गडगडायला लागले की प्लगही काढावा आणि छत्रीची वायरही, बॅकलाइट शंभरावरून साठ-सत्तरवर आणावा. या फुकटच्या उपायांनी दुरुस्तीचं आयुष्य वाढतं. एक मर्यादा मात्र पाळावी. वर्षभरात दुसऱ्यांदा वेगळाच भाग गेला, तर तिसऱ्या वेळी हिशोब मांडत बसू नये.

दुसरा आक्षेप विजेचा: नवा टीव्ही कमी वीज खातो, बिलातून पैसे वसूल होतात. जुना एलईडी आणि नवा एलईडी यांत 20 वॅटचा फरक धरला आणि टीव्ही रोज 4 तास चालला, तर वर्षाला 29 युनिट वाचतात. 10 रुपये युनिटने ते झाले 290 रुपये, म्हणजे महिन्याला पंचवीसही नाहीत. घरात जुना मोठा प्लाझ्मा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फरक 200 वॅटचा असू शकतो, वर्षाला 292 युनिट, आणि मग वीजही पारड्यात टाकावी लागते. तिसरा आक्षेप नव्या काळातला आहे: टीव्ही चालतो, पण त्यातली ॲप चालत नाहीत, कंपनीने अपडेट बंद केले. हा बिघाड पडद्याचा नाहीच. ॲप चालवणारी चिप म्हातारी झाली, काच नाही. एचडीएमआयच्या भोकात बसणारी स्ट्रीमिंगची कांडी जोडली की तोच पडदा पुन्हा आजचा होतो. या एका कारणासाठी चांगली काच भंगारात घालणं म्हणजे डोळ्यांचा चष्मा जुना झाला म्हणून डोळे बदलायला निघण्यासारखं आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप विश्वासाचा. काय गेलं हे विचारा म्हणणं सोपं, पण ते सांगणार कोण? तोच, ज्याला दुरुस्तीचे पैसे मिळायचे आहेत. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये अशा व्यवहारांची वेगळी वर्गवारी केली, ज्यांत सेवा घेतल्यानंतरही ती खरोखर लागणार होती का हे गिऱ्हाइकाला कळत नाही. बोर्ड बदलला की नुसता फ्यूज, हे टीव्ही सुरू झाल्यावर कळत नाही. अविश्वासाला जागा आहे, पण त्यावर टीव्ही टाकून देणं हा उपाय नाही. निदान आणि दुरुस्ती यांचे पैसे वेगळे ठरवावेत. तपासणीचे पैसे बिनशर्त द्यावेत, म्हणजे मेकॅनिकला ते भरून काढायला बिघाड मोठा करून सांगावा लागत नाही. कुठला भाग गेला ते कागदावर लिहून घ्यावं, नवा बसवणार की दुसऱ्या टीव्हीतून काढलेला ते विचारावं, काढलेला भाग परत मागावा आणि किती दिवसांची गॅरंटी तेही लिहून घ्यावं. ज्याने अंधारात बॅटरी लावून पाहिलं आहे आणि मेनूवर रेघा येतात का ते तपासलं आहे, त्याला ‘पॅनेल गेलंय’ असं सहज सांगता येत नाही. वॉरंटीतल्या टीव्हीबाबत कंपनी टोलवाटोलवी करू लागली तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केलं. फ्रान्समध्ये तर जानेवारी 2021 मध्ये दुकानातच टीव्हीवर दहापैकी गुण लिहायला सुरुवात झाली, हा टीव्ही दुरुस्त करायला किती सोपा आहे याचे. तसे गुण आपल्या टीव्हीवर छापलेले नसतील, तर खरेदीच्या वेळीच दुकानदाराला विचारावं: या मॉडेलचे बोर्ड आणि पट्ट्या गावात मिळतात का?

आणि खरोखर काच गेली असेल तर? मग मन घट्ट करून टीव्ही निवृत्त करावा, पण तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर किलोच्या भावाने जाऊ नये. 2022 सालात जगात 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला काही उघड्यावर जळतो किंवा तेजाबात बुडतो. भारतात 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी विकल्या गेलेल्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे कंपनीकडे किंवा नोंदणीकृत केंद्राकडे टीव्ही देण्याचा मार्ग खुला आहे. त्याआधी मात्र ओळखीच्या मेकॅनिकला एकदा विचारावं. काच फुटलेल्या टीव्हीत पॉवर सप्लाय चालू असतो, मेन बोर्ड चालू असतो, पट्ट्या उजेड देत असतात. गावात कुठेतरी त्याच मॉडेलचा एक टीव्ही काच शाबूत ठेवून बंद पडलेला असतो, आणि त्याला नेमका तोच बोर्ड हवा असतो.